मिशीतून पाणी

लग्न ठरताना माझ्या बायोडेटात 'छंद' या शब्दापुढे 'पोहणे, ट्रेकिंग, साहस' असं लिहिलेलं होतं. ते मी लिहिलं नव्हतं, मामांनी लिहिलं होतं. 'वाचन' लिहिलं की मुलगा आळशी वाटतो, असं त्यांचं निरीक्षण. ते काही खोटं नाही. मी आळशी आहेच, शिवाय वाचतही नाही. पण समोरच्या मुलीनं नेमकी तीच ओळ वाचली. ती शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि सुट्टीत ओहोटीच्या वेळा बघून खडकांत खेकडे शोधत हिंडते. तिनं विचारलं, "तुम्हाला समुद्र आवडतो?" मी म्हटलं, "खूप." किनाऱ्यावरून आवडतो, हे सांगायचं राहून गेलं.

म्हणून आमचा हनिमून अंदमानात, हॅवलॉक बेटावर. 2018 साली त्याचं नाव स्वराज द्वीप झालं. पण ते लग्नानंतरच्या आडनावासारखं, कागदावर एक आणि तोंडात दुसरंच. अंदमान पार पूर्वेला, घड्याळ मात्र भारताचंच. त्यामुळे डिसेंबरात पहाटे साडेपाचला लख्ख उजाडतं आणि संध्याकाळी पाचला सूर्य शटर खाली ओढतो. म्हणजे साहस करायचं तर पहाटे उठून. हनिमूनला आलेल्या माणसानं साडेचारचा गजर लावणं हेच खरं साहस, पुढचं सगळं त्याची शिक्षा.

पहिला कार्यक्रम खारफुटीत कयाक. दोघांची लांबुळकी प्लॅस्टिकची होडी, पुढे एक, मागे एक. जड माणूस मागे, असा नियम. मी मागे बसलो आणि होडीचं नाक आकाशाकडे गेलं. पुढच्यानं लय धरायची, मागच्यानं ती पाळायची आणि दिशाही सांभाळायची. उजवीकडे वल्हं मारलं की होडी डावीकडे जाते, हे कळायला मला अर्धा तास लागला. तेवढ्यात आम्ही एकाच झाडाला तीनदा भेटलो. खारफुटीच्या काही झाडांची मुळं श्वास घ्यायला चिखलातून सरळ वर येतात, सुईसारखी, शेकड्यांनी. बायको त्यांचं कौतुक सांगत होती आणि मी होडी त्यांच्यावर चढवत होतो.

आमच्या लग्नाला तेव्हा नऊ दिवस झाले होते. होडीत बसताना तिनं मला "अहो, सावकाश" म्हटलं. दुसऱ्या वळणावर "अरे, उजवीकडे!" झालं. खाडी अरुंद झाली तिथे "ए! थांब!" आणि मुळांत घुसल्यावर नुसताच एक सुस्कारा. एकच सोय होती. पुढे बसलेल्याला मागे वळता येत नाही, त्यामुळे कुणालाच कुणाचा चेहरा दिसत नव्हता. या दोघांच्या होडीला जगभर कयाकवाले 'घटस्फोट होडी' म्हणतात, हे आमच्या वाटाड्यानं परत काठाला लागल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी दोन होड्या घेतल्या असत्या. त्यानं मगरीच्या इशाऱ्याची पाटीही परतताना दाखवली. खाऱ्या पाण्यातली मगर अंदमानात खरोखर आहे. पण त्या खाडीत त्या दिवशी आमच्या आवाजानं कुठलीच मगर थांबली नसणार.

नंतर बोटीनं एलिफंट बीच. तिथे हत्ती नाही. लाकूडतोडीसाठी आणलेले हत्ती या बेटांवर एके काळी होते, इथे आता नाव उरलंय. पाणी असं की तळाचा खडा दिसावा, आणि त्यात ठिकठिकाणी पर्यटक पालथे तरंगतायत, जणू सामुदायिक काहीतरी हरवलंय. याला स्नॉर्कलिंग म्हणतात.

नाकावर काचेचा मास्क, तोंडात नळी. नाक बंद, श्वास तोंडानं. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकून चोळायचं आणि विसळायचं. माझी नववधू माझ्यासमोर अगदी सराईतपणे थुंकली. मी थुंकलो तर तोंड कोरडं. भीतीनं थुंकीसुद्धा वाळते. शेवटी तिनंच माझ्याही मास्कवर थुंकून दिलं. नऊ दिवसांत आम्ही एवढे जवळ आलो नव्हतो.

मान पाण्यात घातली आणि तीन सेकंदांत नाकापर्यंत पाणी. वर आलो, पट्टा आवळला, पुन्हा पाणी. चौथ्या वेळी वाटाड्या पोरानं माझा चेहरा दोन्ही हातांत धरून, डॉक्टरसारखा निरखून निदान केलं, "सर, मूँछ में से पानी आ रहा है."

ही मिशी मी साखरपुड्यापासून वाढवली होती. लग्नाच्या अल्बममध्ये नवरा कमी आणि मिशी जास्त आहे. मास्कची रबरी कड कातडीला चिकटावी लागते, केसाला ती चिकटत नाही. प्रत्येक केसाशेजारून पाण्याला गल्ली मिळते. "काढून टाका की," बायको म्हणाली. मी ऐकलं नाहीसं केलं. मग त्या पोरानं कुठूनसं व्हॅसलिन आणलं आणि माझी मिशी लिंपली. उरलेलं ओठांना लागलं. त्यामुळे आता तोंडातली नळी निसटायला लागली.

तरीही दिसलं. एक रबरी टायर धरायचा आणि तो पोरगा ओढेल तिकडे जायचं. म्हैस तलावात नेतात तसं. पाण्याखाली काचेतून सगळं एक तृतीयांश मोठं आणि एक चतुर्थांश जवळ दिसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे वीतभर मासा पाहून मी टायरवर चढायचा प्रयत्न केला. प्रवाळात मधेमधे पांढरेफटक पट्टे होते. बायको वर येऊन नळी काढून म्हणाली, "समुद्र तापला की प्रवाळाच्या अंगातलं रंगीत शेवाळ निघून जातं. ब्लीचिंग म्हणतात. इथे 2010 मध्ये फार मोठं झालं होतं." मग पुन्हा बुडी, पुन्हा वर. "तो केशरी मासा बघितलास? क्लाउनफिश. जन्मतः सगळे नर. त्यांच्यातला सगळ्यात मोठा असतो तो मादी होतो. मादी मेली की तिचा नवरा मादी होतो."

"मग घरात चालतं कुणाचं?"

"तिचंच," एवढं म्हणून ती खाली गेली. विषय संपला असावा.

संध्याकाळी राधानगरचा किनारा. सूर्यास्तासाठी जगभरचं माणूस इथे येतं, आणि आम्ही वेळेवर पोचलो, कारण घड्याळ तिच्या हातात होतं. पांढरी मऊ वाळू, मागे उंच झाडांचं जंगल, समोर सूर्य. मी मूठभर वाळू उचलून बोटांमधून हळूच सोडली. असं करायचं असतं एवढं मला ठाऊक होतं. म्हटलं, "किती मऊ आहे ना?"

"पोपटमाशाची शी," ती म्हणाली.

पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडतो, शेवाळ पचवतो आणि उरलेला चुना मागून सोडून देतो. मोठा मासा वर्षाला शेकडो किलो. प्रवाळबेटांवरच्या पांढऱ्या वाळूतला बराच भाग त्याचाच असतो. तिनं हे इतक्या प्रेमानं सांगितलं की मी हात झटकले नाहीत. पण ती वाळू सोडायची पुन्हा इच्छाही झाली नाही.

बसता मात्र येत नव्हतं. सनस्क्रीन मी पुढून व्यवस्थित लावलं होतं, तेही सकाळी एकदाच. पालथं तरंगणाऱ्या माणसाचं पुढचं अंग समुद्र बघतं आणि मागचं सूर्य, हा हिशेब चुकला. गुडघ्यांच्या मागच्या खळग्या भाजल्या होत्या. त्या जागेला नाव आहे की नाही तेही मला माहीत नव्हतं, पण त्या रात्री ती मला शरीरातली सर्वात महत्त्वाची जागा वाटली. कयाकमध्ये घामानं सनस्क्रीन धुपलं होतं, त्यामुळे तोंडही टोमॅटोसारखं. बायको पाठीला कोरफड चोपडत म्हणाली, "उद्या स्कूबा आहे. बारा मीटर खाली मिशीतून पाणी आलं तर व्हॅसलिनचा डबा घेऊन कोण येणार?"

मी दाढीचं सामान काढलं.

आरशासमोर पाच मिनिटांत तो सगळा अल्बम बेसिनमध्ये पडला. वर बघितलं तर मिशी होतीच. कपाळ, गाल, नाक, हनुवटी लालबुंद, आणि ओठावर तेवढी तलवारकट, शुभ्र, अगदी आकारात. तीन महिने ऊन न बघितलेली कातडी.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. रेंज धड नव्हती, चित्र अडकत अडकत येत होतं. आईनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला असावा, कारण आम्हाला तिचं फक्त कपाळ दिसत होतं.

"अगं बाई! दोन दिवसांत मिशी पिकली?"

मी तोंड उघडायच्या आत मागून बायको म्हणाली, "नाही हो आई, ब्लीचिंग झालंय."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आई म्हणाली, "अगं, मग ते लग्नाआधी करायचं ना!"