‘जनरेटरचा न्यूट्रल जमिनीला जोडू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे दिवस जवळ आले की आमच्या मांडव-लायटिंगवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदाही आला. त्याचं म्हणणं असं: ‘जनरेटरचा न्यूट्रल जमिनीला जोडू नका, म्हणजे कुणाला शॉक बसणारच नाही. बॉडीला एक रॉड ठोकला की काम झालं. आरसीसीबी जनरेटरवर उगाच पडते, ती बायपास करा.’ न्यूट्रल म्हणजे करंट परत नेणारी तार, ती जमिनीला जोडणं म्हणजे ‘अर्थ’ करणं, आणि आरसीसीबी म्हणजे करंट कुठे गळाला की लाइन तोडणारा स्विच. यात्रेच्या होम मैदानावर लहान लेकरं स्टॉलच्या लोखंडी खांबांना धरून फिरतात. हे वाचून गप्प बसवत नाही.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच पटतं. दोन-तीन केव्हीएचा छोटा जनरेटर आणि त्यावर एक ड्रिल मशीन असेल, तर फेजला, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेला, हात लागला तरी करंटला जमिनीतून जनरेटरच्या वाइंडिंगकडे परतायला वाट नसते. तिथे रॉड नसला तरी चालतं, फक्त जनरेटरची बॉडी आणि मशीनची बॉडी अर्थ वायरने एकमेकांना जोडलेली हवी.

पण ट्रकवरचा 62.5 केव्हीएचा थ्री फेज सेट आणि त्यावरून मैदानभर पसरलेली केबल ही गोष्ट वेगळी. एका मांडवात मी संध्याकाळी मल्टिमीटर लावला, तर न्यूट्रल ते जमीन 230 व्होल्ट! दिवे व्यवस्थित जळत होते, कुणाची काही तक्रार नव्हती. शोधत गेलो तेव्हा कमानीच्या लोखंडी पायाखाली केबल दबलेली सापडली. तीन फेजपैकी एकाची, आर फेजची, तार सोलून पायाला टेकली होती. म्हणजे आर फेज जमिनीला बांधला गेला, न्यूट्रल 230 वर चढला आणि उरलेले दोन फेज जमिनीच्या मानाने 415 वर गेले. न्यूट्रल अर्थ केलेला असता आणि कमानीला अर्थची हिरवी वायर असती, तर त्याच क्षणी ब्रेकर पडला असता. इथे मात्र पहिला दोष कुणाला कळलाच नाही. अशा वेळी दुसऱ्या फेजला ज्याचा हात लागेल, त्याला 230 नव्हे, 415 व्होल्टचा झटका बसतो.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम अशा सेटच्या न्यूट्रलला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या मागतात आणि बॉडीलाही वेगळ्या दोन. ती कागदी हौस नाही. एक जोडणी सुटली तरी दुसरी राहावी, एवढाच त्यामागचा विचार.

आता ‘एक रॉड ठोकला की झालं’. समजा न्यूट्रल अर्थ केला, पण दूरच्या लाइट स्टँडला हिरवी वायर न नेता तिथेच वेगळा रॉड ठोकला. दोन्ही रॉडचा जमिनीशी रोध दहा-दहा ओहम धरा. स्टँडवर फेज आला तर 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपियर. 32 अँपियरचा एमसीबी, म्हणजे ब्रेकर, ढिम्म हलणार नाही आणि स्टँड 115 व्होल्टवर उभा राहील. दहा ओहम हा आकडाही आपल्याकडे मिळाला तर नशीब. वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण. मे महिन्यात मातीला बोटभर भेगा पडतात आणि रॉडभोवती पोकळी राहते. स्टँडचा रॉड 50 ओहमवर गेला तर तोच स्टँड 190 व्होल्टच्या पुढे जातो. म्हणून जमिनीच्या भरवशावर राहायचं नाही. न्यूट्रल आणि अर्थ सेटजवळ एकाच ठिकाणी जोडा आणि तिथून हिरवी वायर प्रत्येक बोर्डापर्यंत, प्रत्येक खांबापर्यंत न्या. दोषाचा करंट तांब्यातून परत येतो, म्हणून ब्रेकर पडतो.

आरसीसीबी उगाच पडत नाही. बहुतेक वेळा न्यूट्रल तिच्या पुढे कुठेतरी पुन्हा अर्थला जोडलेला असतो, किंवा दोन सर्किटांचा न्यूट्रल एकत्र केलेला असतो, किंवा केबलचा जॉइंट ओल्या गवतात पडलेला असतो. ते शोधायला अर्धा तास लागतो, बायपासला दोन मिनिटं. मेसेज लिहिणाऱ्याने ती दोन मिनिटं निवडली आहेत.

आणि एक गैरसमज आपल्या चांगल्या वायरमनांतही आहे: टेस्ट बटण दाबलं, खटकन पडली, म्हणजे अर्थिंग ठीक. ते बटण फेज आणि न्यूट्रलमध्येच रेझिस्टरमधून करंट सोडतं, अर्थशी त्याचा संबंध नाही. अर्थ वायर तुटलेली असली तरी बटणाने ती पडेल. खरी तपासणी हवी तर सॉकेटमध्ये लावायचा आरसीसीबी टेस्टर वापरा. तो फेजवरून अर्थमध्ये 30 मिलिअँपियर सोडतो. न्यूट्रल अर्थ केलेला नसेल तर आरसीसीबी पडणार नाही, आणि चूक तिथेच सापडेल.

अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत, जिथे महावितरणची लाइन आणि डीजी (डिझेल जनरेटर) दोन्ही आहेत, तिथे चेंजओव्हर, म्हणजे एकावरून दुसऱ्यावर नेणारा स्विच, बघा. डीजीचा न्यूट्रल स्वतंत्र अर्थ केला असेल तर चेंजओव्हर चार पोलचा, म्हणजे तीन फेजसोबत न्यूट्रलही तोडणारा, हवा. तीन पोलचा असेल तर दोन्हीकडचे न्यूट्रल कायम जोडलेले राहतात, लूमचा चालू करंट अर्थ पट्टीतून वाहू लागतो आणि मग ‘आरसीसीबी उगाच पडते’ अशी तक्रार येते.