पाळणाघर शोधताय? आधी आजी शोधा

गोड बातमी कळली म्हणून लगेच पेढे आणायला पळू नका. डॉक्टर, नाव, बारसं ही सगळी नंतरची कामं. आधी आजीचं पाहा. आजी शक्यतो निवृत्त, गुडघे शाबूत असलेली आणि भिशी, भजनी मंडळ, मैत्रिणींबरोबर अष्टविनायक असले षौक नसलेली असावी. गावचं घर कुलूप लावून तुमच्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये झोपायची तिची तयारी हवी. तिला पगार नाही, रविवारची सुट्टी नाही आणि बाळाला सर्दी झाली तर "आईंनीच परवा दही दिलं होतं" असं म्हणायची सोय आहे. अमेरिकेत असाल तर दोन आज्या लागतील, कारण पाहुण्यांना एका खेपेला साधारण सहाच महिने राहू देतात. शिफ्टा लावा.

आजी नसेल तर घाबरू नका, कायदा आहे. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात सुधारणा झाली: पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आणि आईला दिवसातून चारदा बाळाकडे जायची मुभा. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही पन्नासचा आकडा तसाच ठेवला आहे. तेव्हा रजेवरून परतलात की बेधडक एचआरकडे जा आणि पाळणाघर कुठे आहे ते विचारा. एचआरवाली हसून सांगेल, "आहे ना, आपलं टाय-अप आहे." हे टाय-अप दोन उड्डाणपूल ओलांडल्यावर सापडतं. तिथे चारदा जाऊन या. मधे वेळ उरला तर काम करा.

बाबांनी या भानगडीत पडू नये. केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर पंधरा दिवस रजा मिळते, तेवढ्यात लंगोट बदलतानाचा एक फोटो होऊन जातो. खासगीत असाल तर कायदा तुमच्याकडून काहीच अपेक्षा ठेवत नाही. तुम्ही फक्त "मी हिला खूप मदत करतो" असं चारचौघांत म्हणत राहा.

आणि वाचकांत कोणी मालक असतील तर त्यांनी मोजणी पक्की करावी. १९४८ च्या कारखाने कायद्याने तीसहून अधिक बायका कामाला असतील तर पाळणाघर सांगितलं होतं. म्हणजे तिसावीपर्यंत नारीशक्ती, एकतिसावी आली की खर्च! १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात तोच आकडा पन्नास. आता तर बायकाच नव्हे, सगळेच कर्मचारी धरायचे म्हणतात. तरी हरकत नाही. अर्धे कंत्राटदाराच्या नावावर टाका, हजेरीपट एकोणपन्नासवर थांबवा. रजेचा पगारही बहुतेक ठिकाणी मालकाच्याच खिशातून जातो, म्हणून मुलाखतीत मुलीला "घरी कोण कोण असतं?" एवढंच आपुलकीने विचारा. ती काय ते समजेल.

राहता राहिलं सोसायटीतलं पाळणाघर. तळमजल्याचा फ्लॅट, फिनेल आणि मुगाच्या खिचडीचा मिसळलेला वास, भिंतीवर सोललेला छोटा भीम, रांगेत मार्करने नावं घातलेले डबे. एका गादीवर तीन पोरं आडवी झोपलेली, चौथं जाळीच्या दाराला नाक लावून उभं. फी विचारलीत की घराचा हप्ता स्वस्त वाटू लागतो आणि "मग नोकरी कशाला करतेस?" हा प्रश्न घरात आपोआप उगवतो. पाळणाघराची फी आईच्याच पगारातून वजा करायची असते बरं का, बाबांच्या नाही. ही हिशेबाची पद्धत कोणी शोधली माहीत नाही, पण झाडून सगळ्या घरांत हीच चालते. सातनंतर दंड आहे. बदलापूर लोकल उशिरा आली हे कारण काकू ऐकून घेत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे, त्यांनाही घरी कुकर लावायचा असतो.

तुमच्या बाळाचं नाक पुसणारी ताई किती पगारावर राबते, हे मात्र विचारू नका. तिचं स्वतःचं पोर कुठे असतं, हे तर मुळीच नको. ते वस्तीत आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतं. ही सर्वांत स्वस्त सेवा, फक्त त्या बहिणीची शाळा बुडते.

वस्तीत अंगणवाडी आहे की, १९७५ पासूनची योजना! तिथे तीन ते सहा वर्षांची मुलं काही तास बसतात, गाणी म्हणतात, खिचडी खातात आणि आई कामावरून यायच्या कितीतरी आधी घरी जातात. सेविका वजनं घेते, लस, मोबाइलमधली नोंद, सर्वेक्षण सगळं बघते, आणि पैसे वाढवून मागितले की तिला सेवाभाव आठवून देतात. २०२३ च्या डिसेंबरात राज्यभरच्या सेविका संपावर गेल्या, तेव्हा कुठे पुष्कळांना अंगणवाडी चालू होती हे कळलं. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची केंद्राची 'पाळणा' योजनाही आहे. आपल्या वॉर्डात ती कुठे आहे, ते नगरसेवकाला विचारा. प्रचाराच्या दिवसांत विचारा, तेव्हा भेटतात.

थोडक्यात, रजा सहाव्या महिन्याला संपते, बाळंतपणाआधी घेतली असेल तर त्याच्याही आधी. अंगणवाडीचा वर्ग तिसऱ्या वर्षी सुरू होतो. मधल्या अडीच वर्षांवर एकच खात्रीचा उपाय आहे: बाळालाच विश्वासात घ्या आणि तीन वर्षांचं होऊन जन्माला यायला सांगा. येताना शी-शूचं सांगता यायला हवं, नाहीतर काकू जादा पैसे लावतात.