शिळं पाणी

पाण्याचा दिवस आला की आमच्या गल्लीत पहाटेपासून एकच आवाज असतो, पिंपं ओतण्याचा. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. चार-पाच दिवसांनी नळ येतो, म्हणून घरातलं असेल नसेल ते भांडं भरून ठेवायचं आणि पुन्हा नळ आला की उरलेलं पाणी 'शिळं झालं' म्हणून गटारीत सोडायचं. माझ्या आईनं हेच केलं, मीही कितीतरी वर्षं हेच केलं. आणि त्याच गटारीपासून दोन हातांवर, पावसाळ्यात कुणीतरी फोटो काढून लावलेली कडुनिंबाची रोपं एप्रिलमध्ये वाळून काटक्या झालेली असायची. हे दोन्ही रोज बघत होतो, पण एकमेकांशी जोडून बघितलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

"शहरासाठी काहीतरी करायचंय सर," असं म्हणणारी पोरं बरीच भेटतात. मनापासून म्हणतात, त्यात खोट नाही. फक्त त्यांना वाटतं आधी संस्था काढायला हवी, बॅनर हवा, पाहुणे हवेत. माझं मत स्पष्ट आहे. सोलापुरात झाडं लावणाऱ्यांची वानवा नाही, मे महिन्यात पाणी घालणाऱ्यांची आहे. लावणं एका सकाळचं काम. जगवणं निदान तीन उन्हाळ्यांचं, आणि आपला उन्हाळा म्हणजे पारा ४३-४४ वर.

आमच्याकडे सुरुवात समोरच्या अक्कांनी केली. आम्ही पूर्व भागातले, निम्मी गल्ली तेलुगू बोलणारी. अक्का दिवसभर दारात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळतात. गेल्या पाडव्याच्या सुमाराला मी पिंप कलतं करत होतो तर म्हणाल्या, "अहो, गटारीला कशाला पाजवताय? त्या पोराला घाला की." पोर म्हणजे दारातलं रोप. मी दोन बादल्या ओतल्या. पाणी खाली गेलं कुठे तेच कळेना. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाणी मुळाशी न थांबता भेगेतून सरळ खोल उतरतं. अक्कांनी खुरपं आणलं, वरची माती हलवून भेगा बुजवल्या, हातभर रुंद आळं केलं, त्यावर पालापाचोळा पसरला. मग म्हणाल्या, "आता घाला. हळू. आणि ऊन उतरल्यावर घालत जावा."

एवढंच. त्या उन्हाळ्यात नऊ घरांनी नऊ झाडं वाटून घेतली. साबणाचं नाही, पिंपातलं साठवलेलं पाणी. एरवी जे वाहून जात होतं तेच, म्हणून प्यायच्या पाण्यातलं कुणी तोडलं असं झालं नाही. शिवाय एक फायदा आम्ही धरलाच नव्हता. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. अंडी पिंपाच्या कडेला चिकटून राहतात, त्यामुळे नुसतं ओतून भागत नाही, आतून घासावं लागतं. झाडाच्या निमित्तानं पिंप तळापर्यंत रिकामं व्हायला लागलं आणि कोरडा दिवस, म्हणजे आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडी ठेवायचा दिवस, आपोआप पाळला गेला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पाइपलाइनच्या खोदाईत तीन रोपं गेली. सकाळी कामावरून येऊन बघतो तर मातीचा ढीग. खूप राग आला होता. तेव्हापासून आम्ही पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याशी आणि महापालिकेच्या झोन ऑफिसमधल्या माणसांशी बोलून ठेवतो. खोदाई कुठून जाणार हे आधी कळलं तर रोप बाजूला घेता येतं. मोठं झाड असेल तर १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, परवानगीशिवाय तोडता येत नाही, हेही शिकलो. शहरासाठी काम करायचं तर हातात खुरपं हवं तसा एक अर्जही हवा. याचा तरुणांना कंटाळा येतो, पण इथंच माघार घेऊ नका अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्याला हे जमतं. सिद्धेश्वराचं तळं बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी भक्तांच्या श्रमदानातून उभं केलं असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच जड काठ्या, निघतात. बाराबंदी, म्हणजे यात्रेतला पांढरा पारंपरिक पोशाख, घातलेला एकजण ध्वज पेलतो तेव्हा आजूबाजूला चार हात तयार असतात, तो दमायच्या आत दुसरा खांदा पुढे येतो. त्यासाठी कितीतरी दिवस आधीपासून सराव चालतो. कुणाला सांगावं लागत नाही, पत्रक काढावं लागत नाही. आमच्या गल्लीतही तसंच ठरलंय. कुणी गावाला गेलं तर झाड शेजाऱ्याचं. रात्रपाळी करून येणारा यंत्रमागावरचा पोरगा झोपायच्या आधी दोन घरांची झाडं भिजवून जातो.

नऊपैकी सहा जगली. अक्कांच्या दारातलं करंज आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय, दुपारी त्याची सावली त्यांच्या सुपावर पडते.

उद्या आमचा पाण्याचा दिवस. अशोक चौकाच्या आसपास कुणाकडे रोपांभोवती लावायला जुनी लोखंडी जाळी पडून असेल तर कळवा, तीन खड्डे अजून रिकामे आहेत.