परवडणारे आजारपण

आरोग्य विमा घ्यायचा आणि तोही कमीत कमी हप्त्याचा, असा निश्चय करून मी एका रविवारी पाच योजनांची माहितीपत्रके टेबलावर मांडून बसलो, तेव्हा हे काम दुपारपर्यंत आटोपेल अशी माझी प्रामाणिक समजूत होती. प्रत्येक मुखपृष्ठावर एक हसतमुख, ठणठणीत कुटुंब होते. विम्याची सर्वांत कमी गरज असलेली माणसेच तिथे का छापतात, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही.

सर्वांत स्वस्त योजना मी पाच मिनिटांत निवडली आणि ती स्वस्त का आहे, हे शोधण्यात पुढचे तीन आठवडे घालवले. तिच्यात २० टक्के को-पेमेंट होते, म्हणजे मंजूर होणाऱ्या प्रत्येक बिलाचा पाचवा हिस्सा माझ्याच खिशातून जाणार होता. दुसरीत ते नव्हते, पण डिडक्टिबल होते. ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च माझा आणि त्यापुढचा कंपनीचा, आणि ती रक्कम एवढी मोठी की तिथवर पोचायला मला फारच मनापासून आजारी पडावे लागले असते. तिसरी फॅमिली फ्लोटर होती, म्हणजे एकाच रकमेत सारे कुटुंब. एका वर्षात दोघे अंथरुणाला खिळले तर दुसऱ्याला उरलेसुरले मिळणार, तेव्हा घरात आजारपणाच्या पाळ्या लावणे भाग होते, आणि आमच्याकडे भांडी घासण्याच्या पाळ्याही कोणी पाळत नाही.

घाम फोडला तो चौथीने. तिच्यात रुग्णालयातल्या खोलीभाड्याला मर्यादा होती. महागडी खोली घेतलीच तर भाड्यातला फरक आपण भरू, त्यात काय एवढे, असे मी म्हणताच विमा प्रतिनिधीने माहितीपत्रकाच्या पाठीवर गणित मांडले. मर्यादेच्या दुप्पट भाड्याची खोली घेतली, तर भाड्याबरोबरच डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियेचा खर्चही कंपनी निम्माच देणार होती. थोडक्यात, खिडकीतून झाड दिसावे या हौसेपायी अर्धे ऑपरेशन माझ्या पदरात पडले असते! पाचव्या योजनेत यातली एकही अट नव्हती. तिचा हप्ता पाहून मात्र पहिल्या चारींबद्दलची माझी माया परत आली.

अखेर त्या प्रतिनिधीनेच मार्ग सुचवला, आणि तो शहाणपणाचा होता हे मान्य केले पाहिजे. आपण खरोखर ज्या रुग्णालयात जाऊ, तिथे मोठ्या आजाराला आज किती खर्च येतो ते विचारावे, तो वर्षागणिक वाढणार हे धरावे, आणि एवढ्या रकमेचा एकच विमा परवडत नसेल तर मूळ विमा बेताचा ठेवून त्यावर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेपुढचा खर्च उचलणारा जोडविमा, घ्यावा. सुपर टॉप-अपलाही डिडक्टिबल असते, परंतु तेवढा खर्च मूळ विमा उचलत असल्यामुळे वरचे मोठे संरक्षण तुलनेने कमी हप्त्यात मिळते. ज्या डिडक्टिबलला मी आठवडाभर शिव्या घातल्या, त्याचीच आता मनधरणी करायची होती.

उरला होता अर्ज. जुने आजार सांगितले तर त्यांच्यासाठी प्रतीक्षा कालावधी लागतो, म्हणजे ठरावीक काळ त्यांचा खर्च मिळत नाही, आणि लपवले तर पुढे दावाच नाकारला जाऊ शकतो, हे कळल्यावर मी पित्तापासून पाठदुखीपर्यंत सारे काही एखाद्या पापभीरू माणसासारखे लिहून काढले. तेवढ्यात पत्नीने खांद्यावरून डोकावून विचारले, "अहो, हे वजन कोणाचं?"

ते माझेच होते, फक्त लग्नातले. तिने काही न बोलता पलंगाखालचा वजनकाटा ओढून काढला, पदराने त्यावरची धूळ पुसली आणि प्रतिनिधीला फोनवर थांबायला सांगितले. मी खिशातल्या किल्ल्या काढल्या, घड्याळ काढले, पट्टा काढला आणि शेवटचा उपाय म्हणून चष्माही काढून काट्यावर चढलो. आता मला आकडाच दिसेना. तो तिने वाचला, फोनमध्ये, खणखणीत आवाजात.