‘नुसती आकडेमोड’ नव्हती ती

नासातल्या कृष्णवर्णीय महिला गणितज्ञांबद्दलचा एक संदेश सध्या खूप फिरतो आहे. त्यातलं म्हणणं असं: या बायका आकडेमोड करणाऱ्या कारकून होत्या, खरं गणित आयबीएम कंपनीच्या संगणक-यंत्रांनी केलं, आणि हा सगळा ‘इतिहास’ २०१६च्या ‘हिडन फिगर्स’ या हॉलिवूडपटाने रचला. तिन्ही दावे चुकीचे आहेत.

आधी ‘कारकून’. नासाच्या लँग्ली प्रयोगशाळेत ‘कॉम्प्युटर’, म्हणजे गणक, हे माणसांच्या हुद्द्याचं नाव होतं, आणि बरंचसं काम खरोखरच आकडेमोडीचं होतं, हे मान्य. पण सप्टेंबर १९६०मध्ये यांच्यातल्याच एक कॅथरिन जॉन्सन आणि त्यांचे सहकारी टेड स्कोपिन्स्की यांच्या नावाने जो अहवाल छापला गेला, त्यातला प्रश्न बघा. उपग्रह ठरावीक फेऱ्यांनंतर पृथ्वीवरच्या एका ठरलेल्या जागेवरून जायला हवा; तर रॉकेटचं इंजिन बंद होतं त्या क्षणी त्याची दिशा किती अंशांची असावी? म्हणजे उत्तर माहीत आहे आणि तिथून मागे यायचं आहे. दरम्यान खाली पृथ्वी फिरते आहे. शिवाय ती पुरती गोल नाही, ध्रुवांशी चपटी आहे, त्यामुळे कक्षा हळूहळू सरकते. हे एका झटक्यात सुटत नाही. एक कोन धरायचा, चूक किती येते ते पाहायचं, कोन सुधारायचा, पुन्हा मांडायचं. ही समीकरणं उभी करणं कारकुनी असेल, तर गणित कशाला म्हणायचं? जॉन्सन यांच्या विभागाच्या अहवालावर लेखक म्हणून बाईचं नाव येण्याची ती पहिलीच वेळ होती. अहवालांवर चर्चा होई त्या बैठकांना बायका जात नसत. जॉन्सनबाईंनी विचारलं, “तसा काही कायदा आहे का?” आणि त्या जाऊ लागल्या.

आता यंत्रांचं. २० फेब्रुवारी १९६२ला अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी पृथ्वीभोवती तीन फेऱ्या मारल्या. त्यांच्या मार्गाचं गणित आयबीएमने केलं होतं, हे खरंच आहे. पण उड्डाणाआधी ग्लेन यांनीच सांगितलं, की ते आकडे ‘त्या मुलीकडून’ तपासून घ्या. ती बरोबर म्हणाली तर मी निघायला तयार आहे. जॉन्सन यांनी तीच समीकरणं टेबलावरच्या गणनयंत्रावर पुन्हा सोडवली. ज्याचा जीव टांगणीला होता त्याचा भरवसा कोणावर होता, हे यावरून कळतं. आणि यंत्र विरुद्ध बायका अशी लढाई नव्हतीच. १९४९पासून कृष्णवर्णीय गणकांच्या विभागाच्या प्रमुख असलेल्या डोरोथी व्हॉन स्वतः फोरट्रान ही संगणकाची भाषा शिकल्या, सहकारी महिलांनाही शिकवलं. नासाच्या क्लीव्हलँडच्या केंद्रात ॲनी ईझ्ली यांनी सेंटॉर रॉकेटसाठी प्रोग्रॅम लिहिले.

राहिला चित्रपट. त्यात कल्पित प्रसंग आहेत. साहेब स्वच्छतागृहाची पाटी फोडतो, ते घडलेलंच नाही. जॉन्सन पहिल्यापासून पाटी नसलेलंच स्वच्छतागृह वापरत. पण म्हणून वर्णभेद कल्पित ठरत नाही. उपाहारगृहात ‘कलर्ड’ गणकांसाठी वेगळं टेबल होतं आणि त्यावर तशी पाटी असे. त्यांच्यातल्याच मिरियम मॅन ती पाटी उचलून पर्समध्ये टाकत. नवी आली की तीही. मेरी जॅक्सन यांना अभियंता होण्यासाठी लागणारे वर्ग गोऱ्यांच्या शाळेत भरत, म्हणून तिथे बसायला हॅम्प्टन शहराकडून खास परवानगी काढावी लागली. १९५८मध्ये त्या नासाच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला अभियंता झाल्या.

आणि तारखांचं काय? अहवाल १९६०चा. जॉन्सन यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला तो नोव्हेंबर २०१५मध्ये. चित्रपट त्यानंतरचा.

याच्या उलट टोकाचा संदेशही येतो, की एकट्या जॉन्सन यांनी माणूस चंद्रावर पोहोचवला. तोही पुढे पाठवू नका. आम्ही नेहमी गटानेच काम केलं, असं त्या स्वतः सांगत.