आमचा वेताळ साय बॅरींचाच

वेताळची, म्हणजे कॉमिक्समधल्या फँटमची, चित्रं काढणाऱ्या साय बॅरींवरचा तुमचा लेख वाचला आणि थेट पंचवटीतली मे महिन्याची दुपार आठवली. मालेगाव स्टँडजवळच्या रद्दीवाल्याकडून मी नि दादा वेताळच्या गोष्टींची इंद्रजाल कॉमिक्स आणायचो, पिना गंजलेल्या, कधी शेवटचं पानच गायब. वेताळ पहिल्यांदा काढला रे मूर यांनी, १९३६ साली. पण आमच्या पिढीचा वेताळ बॅरींचाच! १९६१ पासून १९९४ पर्यंत, ३३ वर्षं एकच नायक रोज काढत राहायचं, केवढी ती चिकाटी! त्यांची काळी शाई बघा एकदा. वेताळच्या कवटीच्या गुहेत अर्धी चौकट नुसता अंधार, आणि खांद्यावर उजेडाची बारीक कड. ती कड मी चित्रकलेच्या वहीत कितीदा गिरवली, पण एकदाही जमली नाही.

एक मात्र लेखात यायला हवं होतं. इंद्रजालची कितीतरी रंगीत मुखपृष्ठं आपल्या बी. गोविंद यांनी रंगवलेली आहेत, तीही लोक सर्रास बॅरींच्या नावावर खपवतात. पुढे लेखक आबिद सुरतींचा 'बहादूर' हा कॉमिक्स-नायक कागदावर उतरवला तोही गोविंद यांनीच. त्यांच्यावरही असाच सविस्तर लेख लिहा, मनापासून विनंती. दादाकडे अजून पंधरा-वीस अंक जपून ठेवलेले आहेत, मुखपृष्ठांचे फोटो लागले तर काढून पाठवतो.