आधी बोट, मग खाणं

भारतातून पाहुणे आले की आम्ही बे एरियातले मराठी लोक त्यांना गोल्डन गेट दाखवतो आणि मग सॅन फ्रान्सिस्कोच्या फेरी बिल्डिंगमध्ये, म्हणजे बोटींच्या जुन्या स्थानकात थाटलेल्या फूड हॉलमध्ये, खायला नेतो. तिथे कुणीतरी हमखास म्हणतं, "आपल्याकडच्या जुन्या स्टेशनांचंही असंच करायला हवं." करा की. पण इथे नेमकं काय केलं, ते आधी बघा.

इमारत १८९८ ची. खाडीवर तेव्हा एकही पूल नव्हता. आगगाडी खाडीपलीकडच्या ओकलंडपर्यंत, पुढे शहरात यायचं तर बोटच. १९३६ मध्ये ओकलंडला जोडणारा बे ब्रिज झाला, पुढच्या वर्षी गोल्डन गेट, आणि प्रवासी मोटारीत जाऊन बसले. मग पन्नासच्या दशकात आतल्या साडेसहाशे फूट लांब, देखण्या दालनात ऑफिसं कोंबली आणि इमारतीच्या नाकासमोरून दुमजली फ्रीवे नेला. घड्याळाचा २४५ फुटी मनोरा काँक्रीटच्या पलीकडे गेला. लोकांना त्याचीही सवय झाली म्हणा. १९८९ च्या भूकंपाने फ्रीवे खिळखिळा केला, तेव्हा कुठे १९९१ मध्ये तो पाडायला घेतला.

माझ्या मते या फूड हॉलचं अर्धं श्रेय त्या पाडकामाचं. फ्रीवे उभा असता तर २००३ मध्ये आत कितीही भारी दुकानं थाटली असती, तरी चालत कोण आलं असतं?

उरलेलं अर्धं बोटींचं. त्याच भूकंपात बे ब्रिजचा तुकडा कोसळला आणि ओकलंडच्या बोटी पुन्हा सुरू झाल्या. आज अलामीडा, व्हायेहो, सॉसालिटोच्या बोटी इथूनच सुटतात. घरी जाणारा माणूस इथल्या अ‍ॅक्मी बेकरीचा पाव काखोटीला मारून धक्क्याकडे पळतो. त्यामुळे या जागेला मॉलची कळा आलेली नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते. आपण जिथे रांगा लावतो तो तळमजला पूर्वी सामानाचा आणि टपालाचा. प्रवाशांची वर्दळ वरच्या मजल्यावर असायची. दुरुस्तीत वरची जमीन दोन ठिकाणी ऐसपैस कापली, म्हणून छतातला उजेड खाली पोचतो. ही करामत झकासच. पण वर आता ऑफिसं आहेत. माणसं सामानघरात आणि भाडेकरू दिवाणखान्यात! भावांबद्दल तर बोलूच नये. इथल्या हॉग आयलंड नावाच्या दुकानातल्या कालवांची किंमत कोकणातल्या माणसाला सांगून बघा. शनिवारी बाहेर शेतकऱ्यांचा बाजार भरतो, तिथला माल फर्स्टक्लास, पण घासाघीस चालत नाही.

सीएसएमटीच्या पुनर्विकासाला २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. योजनेत रूफ प्लाझा आहे, दुकानं आहेत, कॅफेटेरिया आहेत. छान. आता संध्याकाळची कसारा लोकल पकडणाऱ्याला पळता पळता वीस रुपयांत तिथे काय खाता येईल, तेवढं कुणीतरी सांगा.